‘राजाची पंगत’ चोरीला गेली तेव्हा

ती दुपार मला आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. सेवेत मी खून पाहिले, बंदरावरच्या मारामाऱ्या पाहिल्या, समुद्राने आणून टाकलेल्या प्रेतांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं विसरलो. एका चित्राच्या चोरीची चौकशी मात्र विसरता आली नाही, कारण तिच्यात चूक माझी होती. तीन वर्षांपूर्वी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता वरिष्ठांना उत्तर द्यायचं नाही, तेव्हा हे एकदा लिहून मोकळं व्हावं असं वाटतं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

गावात एक जुनं वाचनालय आहे. त्याला जोडून मोठा हॉल आहे आणि गावातली लग्नकार्यं, पूजा, जेवणावळी तिथेच होतात. हॉलच्या मुख्य भिंतीवर लाकडी चौकटीतलं एक भलंमोठं तैलचित्र होतं. पूर्वी कधीतरी गावातल्या एका खलाशाने परदेशातल्या बंदरावरून ते आणलं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. चित्रात लांब मेजावर एक राजा आणि त्याचे पाहुणे जेवायला बसले आहेत. मेणबत्त्या पेटल्या आहेत, ताटं भरलेली आहेत. आणि दारात हातात पत्र घेतलेला एक शिपाई उभा आहे. राजा अर्धवट उठला आहे, त्याचा पेला मेजावर कलंडला आहे, एका बाईने छातीवर हात ठेवला आहे. सगळ्यांच्या माना दाराकडे. खाली एक कुत्रा तेवढा निवांत हाड चघळतो आहे. राजा कुठला, पत्रात काय लिहिलंय, कोणालाच माहीत नव्हतं. गाव त्याला ‘राजाची पंगत’ म्हणायचं.

एका सोमवारी सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष ठाण्यात आले. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे कपडे, आवाज वर्गात बोलल्यासारखा.

“साहेब, आमचं चित्र गेलं. चौकटीसकट.”

आदल्या दिवशी, रविवारी, त्याच हॉलमध्ये त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची पूजा आणि गावजेवण होतं. यजमान तेच, त्यामुळे दिवसभर पाहुण्यांत अडकलेले. सोमवारी सकाळी हॉल बघायला गेले तर चित्र जागेवर नाही. महिन्याभरापूर्वी मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी चित्राचे फोटो काढले होते आणि “जपा हो, अशा वस्तूंना बाहेर मागणी असते,” असं सांगितलं होतं. अध्यक्षांच्या डोक्यात तेच बसलं होतं. माझ्याही बसलं.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला, दोन पंच घेऊन हॉलवर गेलो. दारं, खिडक्या, कौलं सगळं शाबूत. मागच्या अंगाला गावकीच्या भांड्यांची खोली आहे. मोठमोठी तपेली, हंडे, पराती गावाच्या मालकीच्या. कार्य असेल तेव्हाच ती खोली उघडते, आणि किल्ली देवळाच्या मानकऱ्याकडे असते. माझे हवालदार त्याच भागातले, नोकरीत केस पिकलेले. ते म्हणाले, “सायेब, ही पण उघडून बघूया काय?”

मी कुलूप हलवून पाहिलं. पंचनाम्यात लिहिलं, ‘भांड्यांच्या खोलीचे कुलूप शाबूत.’ पुढे गेलो.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या हाताने लिहिली होती: ‘चित्राच्या जागी खिळ्यास गणपतीचा लहान फोटो टांगलेला आहे.’ अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, “डेकोरेशनवाल्यांनी लावला असेल.” मी मान हलवली. लिहिलं, पण वाचलं नाही, असं आता म्हणावं लागतं.

मंगळवारी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. “वाचनालयाचा शिपाई रविवारी दिवेलागणीच्या आधी स्कूटरवर काहीतरी लांबट घेऊन गेला. चादरीत गुंडाळलेलं होतं.”

शिपाई म्हणजे साठीला टेकलेला एक किरकोळ माणूस. हॉल झाडायचा, पेपर लावायचा, कार्य असलं की दिवे-पंखे बघायचा. हॉलची किल्ली त्याच्याकडे. मला एवढं पुरेसं वाटलं. चौकटीसकट गेलेलं, दोघांनी उचलावं लागेल असं चित्र एकटा माणूस गुंडाळून स्कूटरवर कसं नेईल, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. मी ठरवून टाकलं की त्याने कॅनव्हास सोडवला असेल आणि चौकट कुठेतरी टाकली असेल. तपासात माणूस एकदा ठरवून बसला की पुढचं सगळं त्याला तसंच दिसायला लागतं.

दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगणात दोन रिक्षा उभ्या होत्या. आत पाहुणे होते. त्याच्या मुलीला बघायला आलेल्या लोकांनी होकार कळवला होता आणि आज सुपारी फोडायची होती. आधी जेवणं उरकून घ्यावीत म्हणून पडवीत सतरंज्या घालून पंगत बसली होती. होणाऱ्या व्याह्यांच्या शेजारी शिपाई बसला होता. भातावर वरण पडलं होतं आणि तूप वाढायला त्याची बायको वाकली होती.

हवालदार माझ्या कानाशी आले. “सायेब, जेवतोय तो. पाच मिन्टं थांबूया. पळून कुठे जातोय?”

मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, याचा मी पुढे खूप विचार केला. घाई नव्हती. पाहुण्यांसमोर धरला तर लवकर फुटेल, हा हिशेब होता. तोही पोलिसी शहाणपणाच्या नावाखाली केलेला.

“ए, ऊठ,” मी म्हणालो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. “चित्र कुठे ठेवलंस?”

त्याच्या हातात घास होता. तो त्याने ताटात परत ठेवला. “कसलं चित्र, सायेब?”

“रविवारी स्कूटरवरून काय नेलंस?”

त्याने एकदा खाली पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. “काय नाय. घरचंच सामान.”

त्या क्षणी मला खात्री पटली. खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो ते मला माहीत होतं, आणि तो खोटंच बोलत होता. आम्ही घर तपासलं. माळा, पलंगाखाली, गोठ्यातला पेंढा. बुटांसकट पडवीतल्या सतरंज्यांवरून इकडून तिकडे फिरलो. काही मिळालं नाही. त्याला जीपमध्ये बसवलं तेव्हा पाहुण्यांतला वडीलधारा माणूस ताटावरून उठला, मग एकेक करून सगळे उठले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच होती.

सुपारी फुटली नाही. व्याही जाताना एवढंच म्हणाले, “विचार करून कळवतो.” आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

ठाण्यात त्याला दारासमोरच्या बाकावर बसवलं. तिथून बाजारात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दिसतो, आणि त्यालाही बसलेला माणूस दिसतो. मी हात उचलला नाही. हे मी आजवर अनेकांना अभिमानाने सांगत आलो. पण दोन दिवस सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत त्या बाकावर ठेवायचं, ही मारहाणीपेक्षा काही कमी गोष्ट नव्हती.

“कोणाला विकलंस?”

“सायेब, मी कशाला न्हेऊ ते चित्र? माझ्या घरात भिंत तरी आहे काय तेवढी?”

“मग स्कूटरवर काय होतं?”

गप्प. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, “सायेब, माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्या लोकांना तेवढं सांगाल, की मी चोर नाय? पोरीचं जमत आलेलं होतं.” मी म्हणालो, “चित्र दे, मग सांगतो.”

गुरुवारी सकाळी फोटोग्राफरने पूजेचे फोटो पेनड्राइव्हवर आणून दिले. ते आम्ही ठाण्याच्या संगणकावर बघत बसलो. मी, हवालदार आणि आमची एक महिला पोलीस शिपाई. ती हर्णैच्या कोळीवाड्यातली, नवीनच भरती झालेली, जिभेने तिखट. सकाळच्या चहाच्या फोटोंत भिंतीवर चित्र होतं. पूजेच्या फोटोंत होतं. पहिल्या पंगतीच्या फोटोत नव्हतं; तिथे गणपती होता. फोटोवरच्या वेळा पाहिल्या. पूजा संपून पानं मांडली गेली त्या अर्ध्या-पाऊण तासात, दोनेकशे माणसं आवारात असताना, चित्र उतरलं होतं. आणि त्या सगळ्या वेळात वाचनालयाचा शिपाई बाहेर गाड्या लावून घेत होता. तीन फोटोंत तो स्पष्ट दिसत होता.

 तरी मी म्हणालो, “म्हणजे याचा साथीदार असेल.”

ती पोरगी हसली. “सर, चोर कधी जाताना खिळ्याला गणपती लावून जातो काय?”

“मग?”

“तुम्ही ते चित्र नीट बघितलंय? भरल्या ताटावरून उठलेत सगळे. आणि ते कुठे लावलंय, तर पंगतीच्या डोक्यावर. नवी सून पहिल्यांदा गावाच्या पंगतीत वाढणार, आणि वर हे. आमच्या हर्णैला असतं ना, तर आमच्या म्हातारीने कधीच समुद्रात फेकलं असतं.”

हवालदार खुर्चीत सरळ झाले. “बाईमाणसाचं काम आहे हे, सायेब. आणि घरातल्याच.”

 चार दिवस मी त्या चित्राची लांबी, रुंदी, किंमत आणि गिऱ्हाईक यांचा विचार केला होता. चित्रात काय आहे, याचा एकदाही नाही.

आम्ही तिघं अध्यक्षांच्या घरी गेलो. मी घरातल्या बायकांशी बोलायचं म्हणालो, तर ते उखडले. “माझ्या घरातल्या बायकांचा काय संबंध? चोर तुमच्या बाकावर बसलाय!”

“सर, पाच मिनिटं.”

थोरली सून पदराला हात पुसत बाहेर आली. आमच्या पोरीनेच विचारलं, साधेपणाने, “वहिनी, पंगतीच्या आधी गणपतीचा फोटो कोणी लावला?”

तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “आत्यांना विचारा,” ती म्हणाली. “मी फक्त खालून धरलं होतं.”

आत्या म्हणजे अध्यक्षांच्या थोरल्या भगिनी. त्या चिपळूणला राहतात. सोमवारी पहाटेच्या एसटीने, चोरीचा गवगवा होण्याआधीच, त्या परत गेल्या होत्या. फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी कोण आणि काय झालंय ते सांगितलं. 

“चोरी?” त्या म्हणाल्या. “अहो, मी उतरवून ठेवलं. भांड्यांच्या खोलीत. भांडी सगळी बाहेर होती, खोली रिकामी होती. संध्याकाळी परत लावणार होते. पण भांडी घासून झाल्यावर माणसांनी आत रचून टाकली, मानकऱ्याने कुलूप लावलं, आणि मला कळेपर्यंत तो घरी गेला. मी सुनेला म्हटलं, पुढच्या कार्याला खोली उघडली की लाव, तोवर गप्प राहा.”

“ताई, अगं मला सांगायचं ना!” अध्यक्ष ओरडले.

“तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? वर्गात उभं करून विज्ञान शिकवलं असतंस मला.” मग त्यांचा आवाज खाली आला. “माझ्या लग्नाची पंगत त्याच चित्राखाली बसली होती, विसरलास? मामंजी जेवता जेवता कोसळले. अख्खी पंगत उठली. त्या दिवसापासून सासरी मला पांढऱ्या पायाची म्हणाले. चित्राने काही होत नाही, हे मलाही कळतं. पण माणसं बोलतात. ह्या पोरीला कोणी तसं बोलू नये, एवढंच मला हवं होतं.”

अध्यक्ष खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसत राहिले.

“इन्स्पेक्टर,” आत्यांनी विचारलं, “कोणाला धरलंय का तुम्ही?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अरे देवा. मी निघतेच.” आणि फोन ठेवला.

मानकऱ्याला बोलावलं, पंच घेतले, खोली उघडली. सगळ्यात मोठ्या हंड्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, जुन्या नऊवारीत नीट गुंडाळलेली ‘राजाची पंगत’ उभी होती. साडीच्या गाठी इतक्या निगुतीने मारलेल्या की सोडवायला वेळ लागला. एक ओरखडा नव्हता. त्या वेळी मला जो हलकेपणा वाटला तो मी लपवत नाही. हवालदारांनी तर कुलपालाच नमस्कार केला.

ठाण्यात परत आलो. शिपाई बाकावर बसला होता. मी त्याला आत नेलं, खुर्ची दिली, आणि म्हणालो, “काका, चित्र मिळालं. तुमचा काही संबंध नाही. माझी चूक झाली.”

 त्याने डोळे पुसले आणि दारात कोणी नाही ना, ते पाहून म्हणाला, “सायेब, आता सांगतो. रविवारी मी हॉलच्या दोन सतरंज्या न्हेल्या. पाहुणे येणार, घरात खाली घालायला धड काय नव्हतं. वाचनालयाच्या कार्यवाहांना विचारलं नाय. नोकरी जाईल म्हणून बोललो नाय.”

“कुठे आहेत त्या?”

“तुम्ही त्यांच्यावर उभे होतात की! वाचनालयाचं नाव दिसू नये म्हणून उलट्या घातल्या होत्या.”

हवालदार जे हसायला लागले ते थांबेचनात. शिपाईही हसला. मला हसू आलं नाही. दोन सतरंज्यांसाठी हा माणूस तीन दिवस चोर म्हणून बसला होता, आणि खरं सांगावं असं माझ्याकडे पाहून त्याला एकदाही वाटलं नव्हतं. चौकशीत माणूस गप्प बसला की आम्ही समजतो तो गुन्हा लपवतोय. माणसं गुन्ह्यापेक्षा लाज जास्त लपवतात.

कागदोपत्री गुन्हा गैरसमजातून दाखल झाला म्हणून तो बंद करण्यासाठी ‘सी’ समरीचा अहवाल कोर्टात पाठवला. सतरंज्यांचं त्यात लिहिलं नाही. आज ते कबूल करतो.

कागद मिटले, पण मुलीचं जमत आलेलं मोडायच्या बेतात होतं, आणि तेही माझ्यामुळे. चित्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हवालदारांना घेऊन संगमेश्वरकडे व्याह्यांच्या गावी गेलो. मुलगा मुंबईला नोकरीला, आईवडील गावी शेती करणारे. मुद्दाम गणवेशात गेलो. ज्या कपड्यांत नाव घालवलं त्याच कपड्यांत ते परत द्यायला हवं होतं. पोलिसांची जीप पाहून वाडीतली माणसं अंगणात गोळा झाली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तो माणूस निर्दोष आहे, चोरी झालीच नव्हती, आणि मी चुकलो.

मुलाचे वडील काथ्याच्या खाटेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. “सायेब, आम्हाला पण वाटलं नव्हतं त्या माणसाचं तसं. पण चार माणसांत झालं ते. आम्ही अर्ध्या जेवणावरून उठलो. मी आता आपणहून कसा जाऊ? भावकी म्हणेल, याला काही मानपान आहे की नाही?”

“मग काय करू, सांगा.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तीच बोलली, “तुम्ही उठवलात, तुम्हीच बसवा. तुम्ही पंगतीत असाल, तर आम्ही येतो.”

पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत त्या पडवीत गेलो. अध्यक्ष आले होते आणि त्यांच्याबरोबर चिपळूणच्या आत्या. अध्यक्षांनी वाचनालयाच्या सतरंज्या रीतसर वहीत लिहून पाठवल्या होत्या. सतरंज्याच का पाठवल्या हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सुपारी फुटली. पंगत बसली. मला व्याह्यांच्या शेजारी बसवलं होतं. शिपाई वाढत होता. माझ्या पानात भात घालताना तो म्हणाला, “सायेब, सावकाश होऊ दे.” 

त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे ठाण्यात पहिल्याच दिवशी सांगायचो: माणूस जेवत असेल तर बाहेर थांबा. हात धुऊन आला की बोला. नवीन पोरांना तो साहेबाचा मऊपणा वाटायचा. पण ती सवलत आरोपीला नव्हतीच, ती मला स्वतःसाठी हवी होती. त्या पाच-दहा मिनिटांत तपास करणाऱ्या माणसाला आपण काय करतोय याचा विचार करायला वेळ मिळतो. मला त्या दुपारी तो मिळाला असता, तर चौकट स्कूटरवर मावत नाही हे तेव्हाच कळलं असतं.

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कडेवर लहान मुलगी. “ओळखलंत काय, साहेब?” मी ओळखलं. वडील कसे आहेत विचारलं. बरे आहेत, नोकरी संपली, आता घरीच असतात, म्हणाली. मग बोलायचं धाडस करून मी विचारलं, “माझी आठवण काढतात का कधी?”

“काढतात तर! कोणी घरी आलं की सांगतात, माझ्या मुलीच्या सुपारीला पोलीस ठाण्याचे मोठे साहेब आले होते.”

“आणि त्याच्या आधीचं?”

ती मुलीचे केस सारखे करत म्हणाली, “ते नाय सांगत. आम्हीसुद्धा नाय सांगत.”

तिची गाडी लागली होती. ती चढली आणि खिडकीतून तिने मुलीचा हात धरून मला हलवून दाखवला. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो.